१,०९५ पौंडांत 'सर'

पदव्या विकणारा राजा म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचा सौदा मला तरी बऱ्यापैकी सरळ वाटतो. जुने सरंजामी हक्क सोडतो, बदल्यात वर्षाला २ लाख पौंड द्या, ही पार्लमेंटशी चाललेली बोलणी १६१० मध्ये फिसकटली. तिजोरीत खडखडाट. मग १६११ मध्ये त्याने 'बॅरोनेट' ही नवीकोरी वंशपरंपरागत पदवी काढली, नावाआधी 'सर' लावायची. किंमत १,०९५ पौंड. आकडा विचित्र वाटतो ना? अल्स्टरमधल्या (आयर्लंडचा उत्तर भाग) ३० शिपायांचा ३ वर्षांचा पगार, माणशी रोज ८ पेनी. तेव्हा पौंडाच्या २४० पेनी, म्हणजे रोजचा बरोब्बर १ पौंड. वाण्याच्या वहीत शोभेल असा हिशेब!

पदव्या २०० च्या वर नेणार नाही, असं वचनही दिलं. घेणाऱ्यांनी लगेच वाद काढला: मानाच्या क्रमात व्हायकाउंटच्या (हा वरच्या दर्जाचा उमराव) धाकट्या पोरांच्या पुढे चालायचं की मागे? १६१२ मध्ये राजालाच निवाडा द्यावा लागला. मागे! दहाएक वर्षांत भाव सव्वादोनशे पौंडांच्या आसपास घसरला. (जे.जे. रुग्णालयवाले जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये याच पदवीचे पहिले भारतीय मानकरी झाले. अर्थात ते दानधर्मासाठी.)

हसा खुशाल, पण बॅरोनेट झाला म्हणून कुणाचा कर माफ होत नव्हता.

फ्रान्समध्ये नेमकं तेच व्हायचं. चौदाव्या लुईने १६९६ मध्ये युद्धखर्चासाठी ५०० उमरावी सनदा काढल्या, प्रत्येकी ६,००० लिव्र (तिथलं तेव्हाचं चलन). उमराव झालं की 'ताय' हा मुख्य कर माफ, पुढच्या पिढ्यांनाही. बऱ्याच भागांत गावाच्या एकूण कराचा आकडा वरूनच ठरून यायचा, त्यामुळे सुटलेल्याचा वाटा शेजाऱ्यांच्या बोकांडी. १७१५ मध्ये १६८९ पासूनच्या अशा सनदा रद्द झाल्या, म्हणजे विकत घेणाराही फसलाच.

पण माझा खरा राग स्पेनमधल्या कास्तील या राज्यावर आहे. इंग्लंडवर धाडलेल्या आरमाराच्या पराभवानंतर तिथल्या राजाला, दुसऱ्या फिलिपला, पैसा हवा होता. १५९० मध्ये तिथल्या कोर्तेसने, म्हणजे शहरांच्या प्रतिनिधीसभेने, ८० लाख डुकॅटचा (डुकॅट हे तिथलं चलन) 'मिलियोनेस' हा कर मंजूर केला. पुढे तो दारू, तेल, मांस यांवर बसला, म्हणजे रोजच्या ताटावर. आणि मत देणाऱ्या शहर-प्रतिनिधींना काय? लष्करी धर्मसंघांचे मानाचे झगे, नेमणुका, बक्षिसी. जेम्सचं गिऱ्हाईक निदान स्वतःच्या थैलीतून मोजत होतं. इथे झगा एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे. पुढे १६६० च्या दशकानंतर दरबाराने कोर्तेस बोलावणंच सोडलं आणि त्याच कराची मुदतवाढ थेट एकेका शहराशी बोलून मिळवायला सुरुवात केली.