वरच्या काचा कुठं गेल्या?

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये. विटांच्या भिंती चकचकीत केल्यात, बिडाचे खांब काळे रंगवलेत, मीटिंग रूमची नावं 'बॉबिन' आणि 'धोटा'. (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा होडीसारखा लाकडी तुकडा, हे एचआरलाही माहीत नाही.)

दसऱ्याला घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून सासऱ्यांना घेऊन गेले. अण्णा साचेखात्यातले, दोन साचे म्हणजे माग चालवायचे. 1982 च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. पूर्वी दसऱ्याला साच्यांना झेंडूचे हार घालायचे आणि बायकापोरांना आत सोडायचे, तेवढं सांगितलं. मला वाटलं, आता हळवे होतील. ते खांबाला हात लावून वर बघत राहिले.

"अगं, वरच्या काचा कुठं गेल्या?"

काचा आहेत. फॉल्स सीलिंगच्या वर.

मग खुर्ची ओढून त्यांनी मला समजावलं. शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. दात्याची उभी बाजू काचेची, तोंड उत्तरेला. त्यामुळे अंगावर ऊन येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड. तुटलेला धागा दिसायला हवा ना! सूत तुटू नये म्हणून हवा मात्र दमट ठेवायचे, त्यात माणूस घामानं निथळायचा. आता आम्ही त्याच शेडमध्ये भर ऑक्टोबरात स्वेटर घालून, दुपारी बारा वाजता ट्यूब लावून बसतो.

गिरणगावाच्या नावानं गळे काढायचे नाहीत मला. शेड पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा ऑफिस केव्हाही बरं. खरा घास आधीच गेलाय: 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. 2001 मध्ये वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेडखालच्या जमिनीची नाही, असं ठरलं. सुप्रीम कोर्टानंही 2006 मध्ये ते मान्य केलं. कामगारांच्या घरांचा वाटा तिथंच आटला.

पण निदान इमारत ठेवलीय तर ती वापरा की! भिंतीवर धोटा टांगायचा आणि फुकटचा उजेड झाकायचा, हा कुठला वारसा?

फॅसिलिटीवाल्याला विचारलं. म्हणाला, "मॅडम, स्क्रीनवर ग्लेअर येतो."

अण्णा म्हणाले, "उत्तरेकडनं?"

माझ्या डोक्यावरची दोन पॅनल तरी काढा, असा मेल टाकलाय. उत्तर आलं: जागामालकाची परवानगी लागेल.