लिनक्स टाकलं म्हणून गूगल आंधळं होत नाही

एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो. विंडोज काढून लिनक्स टाका, इन्कॉग्निटोमध्ये ब्राउझ करा, फोनचं लोकेशन बंद ठेवा, एखादं फुकटचं व्हीपीएन (तुमची इंटरनेटची ये-जा स्वतःच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) जोडा, की मोठ्या कंपन्यांना तुमचा मागमूसही लागणार नाही. पहिल्या तीन सूचनांत थोडंफार तथ्य आहे, म्हणून तो लगेच पटतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

‘विंडोज काढा, लिनक्स टाका’

विंडोजबद्दलची तक्रार खरी आहे. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांत ‘आवश्यक’ डायग्नोस्टिक डेटा (संगणकाबद्दल मायक्रोसॉफ्टला जाणारी माहिती) सेटिंग्जमधून बंद करता येत नाही. ती मुभा एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांना आहे, तीही पॉलिसी लावून. इतरांच्या हातात फक्त ‘ऐच्छिक’ भाग उरतो. तो बंद करायला सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी आणि तिथे डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक उघडा.

लिनक्समध्ये हा जाच बराच कमी, पण तेही अगदी धुतल्या तांदळासारखं नाही. २०१२ साली उबुंटू या लिनक्सच्या १२.१० आवृत्तीत स्वतःच्या फायली शोधायला डॅशमध्ये (तिथल्या शोधपट्टीत) टाइप केलेले शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जात आणि निकालांत ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसत. १६.०४ मध्ये हे आपोआप चालू राहणं थांबलं.

तरी खरा मुद्दा वेगळाच आहे. लिनक्सवर क्रोम टाकलं, जुन्याच गूगल खात्याने लॉगिन केलं आणि सिंक चालू केलं, की हिस्टरी, बुकमार्क, पासवर्ड सगळं पुन्हा गूगलकडेच जमा होतं. जीमेल, यूट्यूब आणि सर्च कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. खाली कोणती सिस्टिम आहे याने त्यांचं काही अडत नाही.

उलट घाईत लिनक्स टाकताना बरेच जण एक गोष्ट गमावतात. अनेक विंडोज लॅपटॉपवर डिस्क आधीच एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) असते. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र तो पर्याय (लुक्स) बहुधा स्वतः निवडावा लागतो. तो राहिला आणि लॅपटॉप चोरीला गेला, तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या सिस्टिमने) बूट करून कोणीही सगळ्या फायली वाचू शकतो, लॉगिनचा पासवर्ड तिथे आडवा येत नाही. नंतर एन्क्रिप्शन चढवण्यापेक्षा बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणं सोपं पडतं.

‘इन्कॉग्निटो वापरा’

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनवरच्या खुणा पुसतो. हिस्टरी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती विंडो बंद केल्यावर जाते. उतरवलेल्या फायली आणि बुकमार्क राहतात. तुमचा आयपी पत्ता वेबसाइटला दिसतोच आणि तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतं. याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलला.

सगळ्या इन्कॉग्निटो विंडोंचं सेशन एकच असतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एका विंडोत लॉगिन केलं आणि ती मागे उघडी राहिली, तर नव्या विंडोतही तुम्ही लॉगिन झालेलेच असता.

कुकीज नसल्या तरी ओळख पटते. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक तपशिलांची गोळाबेरीज म्हणजे फिंगरप्रिंट. ईएफएफ या संस्थेच्या २०१० मधल्या पाहणीत तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के असे निघाले, की त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. दुर्मीळ लिनक्स आणि त्यावर डझनभर एक्स्टेन्शन असतील, तर गर्दीत लपण्याऐवजी तुम्ही उठून दिसता.

‘लोकेशन बंद ठेवा’

२०१८ साली असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं, की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद असूनही गूगल ठिकाणांच्या नोंदी ठेवत होतं, कारण ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ हे वेगळंच बटण चालू राहत होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली ती याच प्रकरणात. तेव्हा फोनच्या पट्टीतलं लोकेशनचं चिन्ह बंद केलंत, तरी गूगल खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ भागात जाऊन हे बटणही पाहा. बंद करायचं नसेल, तर ऑटो-डिलीट (जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची मुदत) ३ महिन्यांवर आणा. नव्या खात्यांना २०२० पासून आपोआप मिळते ती मुदत १८ महिन्यांची आहे. अँड्रॉइडवर वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंगही लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये वेगळी असतात. मोबाइल कंपनीला मात्र टॉवरवरून ठिकाण कळणारच, त्यावर सेटिंग नाही.

‘फुकट व्हीपीएन घ्या’

चारही सल्ल्यांत सगळ्यात घातक हा. व्हीपीएन डेटा लपवत नाही, तो कोणाला दिसावा एवढं बदलतं. इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. ओनावो हे फुकटचं व्हीपीएन फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याचा अंदाज त्यातून काढला. २०१८ मध्ये ॲपलच्या आक्षेपानंतर ते ॲप स्टोअरमधून गेलं. म्हणजे फेसबुकपासून लपायला घेतलेलं व्हीपीएन फेसबुकचंच! शिवाय व्हीपीएन चालू असताना जीमेलमध्ये लॉगिन असाल, तर आयपी बदलून काय साधलं?

मग हात कुठे घालायचा? आधी खात्याच्या सेटिंग्ज, मग ब्राउझर, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’वर न्या आणि यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन टाका. क्रोमने जुनी एक्स्टेन्शन पद्धत बंद केल्यामुळे तिथे त्याची फक्त ‘लाइट’ आवृत्ती चालते. लॉगिन लागणाऱ्या साइट्स ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ (साइट्सच्या कुकीज एकमेकींपासून अलग ठेवणारं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन) वापरून वेगळ्या ठेवा. ‘स्ट्रिक्ट’मुळे एखादी साइट मोडली, लॉगिनचं बटण दाबूनही काही होत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर टिचकी मारून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण काढा. सगळीकडचं काढू नका.