३३ वजा ७, भागिले २

कोल्हापुरात हळू आवाजात बोललं की माणसं आधी तब्येत विचारतात. अशा गावात ‘इअरप्लग आहेत का?’ हे कुजबुजत विचारून भागत नाही आणि मोठ्यांदा विचारायची लाज वाटते.

आमचं घर मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर. अर्थात अनंत चतुर्दशी सोडून. त्या दिवशी हाक शेजारच्या खोलीतही पोचत नाही. डॉल्बी दारातून जायला लागली की आधी मांडणीवरची भांडी जागा सोडतात, मग खिडक्यांच्या काचा ताल धरतात. २००० सालच्या नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ५५ डेसिबलमध्ये आमच्या पेठेत साधं भांडणसुद्धा नीट होत नाही.

मेडिकलवाल्यानं पोहताना घालायचे बुच काढून दिले. ते पाणी अडवतात. “आवाज बी अडंल की थोडा,” असं त्यानं वर सांगितलं. शेजारचे आप्पा कापसावर ठाम होते. कापसानं डॉल्बी अडत नाही, अत्तर तेवढं टिकतं. शेवटी भाचा म्हणाला, “मामा, उद्यमनगरात जावा. फौंड्रीवाल्यास्नी लागतंय ते.” हा भाचा मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर पहिल्या रांगेत नाचतो, म्हणजे सल्ला जाणकाराचाच.

सेफ्टीच्या दुकानात हातमोजे, गमबूट आणि वेल्डिंगच्या काचांच्या गर्दीत एक काका बसले होते. उभी हयात फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासायच्या ग्राइंडरवर गेलेली. त्यांनी काउंटरवर मांडामांड केली: नारिंगी फोमचे, निळ्या दोरीचे तीन छत्र्यावाले सिलिकॉनचे, शिवाय डोक्यावरून घालायचा इअरमफ. फोमच्या पाकिटावर छापलं होतं, ‘एनआरआर ३३’, म्हणजे आवाज किती डेसिबलनं घटतो तो आकडा. मी मनात डॉल्बीचे १०० डेसिबल धरले, त्यातून ३३ काढले आणि ६७ वर खूश झालो.

“तसं न्हाई साहेब. ह्यो आकडा लॅबमधला. ७ वजा करा, राहिल्यालं निम्मं करा.”

म्हणजे १३. हिशेब ओळखीचा वाटला. माझ्या पगाराच्या स्लिपवरही असाच असतो.

कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० ला पंधरा मिनिटं. १३ वजा केले तर ८७, म्हणजे साधारण पाच तास. आमची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चालूच असते. मग आत फोम आणि वर इअरमफ? काका म्हणाले, दोघांची बेरीज होत नाही, वर पाचेक डेसिबल मिळतात. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. डोक्यावरच्या केसांसाठी निदान जाहिराती तरी असतात.

मग प्रात्यक्षिक. फोम चिमटीत वळत वळत सुतळीइतका बारीक करायचा. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, फोम आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा. भर दुकानात स्वतःचाच कान पकडून मी उभा, आणि दारातून जाणारा टेम्पोवाला थांबून बघतोय.

“काका, तुम्ही कामावर वापरत होता का?”

“दोरीवाला बी हाय.”

मी पुन्हा मोठ्यानं विचारलं.

“व्हय, धुता येतो.”

पुढं विचारायचं राहिलंच.

घरी फोम घालून बसलो. त्याचा स्वभाव असा की तो बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त अडवतो आणि बेसला त्यामानानं सोडून देतो. म्हणजे गाण्याचे शब्द जातात आणि दणका राहतो. शब्दांबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरं म्हणजे कान बंद झाले की स्वतःच्या तोंडातला आवाज वाढतो. फोम घालून मी भडंगचा पहिला घास खाल्ला आणि डोक्यात खडी फोडायचं मशीन सुरू झालं. मिरवणूक बघताना दाण्याशिवाय भडंग खावं की भडंगच सोडावं, यावर घरात अजून एकमत नाही.

तरी निवड फोमचीच केली, कारण सिलिकॉनच्या छत्र्या माझ्या कानात उघडेनात. भाच्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं.

“मामा, मंडळातल्या पोरास्नी बी आणू या की. बेससमोर उभं राह्याला लागतंय.”

“त्यापेक्षा आवाज कमी करा ना!”

“आणि पेठेचं नाव?” तो खरोखर दचकला. मग खिशातून पावतीपुस्तक काढून म्हणाला, “डॉल्बीची वर्गणी तुमची दिऊन झालीया. आता कानाची फाडतो.”