व्हीपीएनवाले सगळे चोर?

‘प्रामाणिक माणसाला व्हीपीएन लागतोच कशाला? सर्ट-इनने नोंदी मागितल्या म्हणून कंपन्या पळाल्या. देश सुरक्षित झाला.’ हा फॉरवर्ड अजून फिरतोय. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा बंद बोगद्यातून नेणारी आणि आपलं ठिकाण झाकणारी सेवा; सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा. विषय तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाचा: व्हीपीएन कंपनीने ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), अगदी व्हीपीएन कशासाठी हवा तेही लिहून घ्यायचं आणि ग्राहक सोडून गेला तरी पाच वर्षं जपायचं.

‘लागतोच कशाला?’ घरून काम करणारा बँकेचा कर्मचारी रोज तेच वापरतो. म्हणून तर कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना सरकारनेच यातून वगळलं. सापडला तो एकटा ग्राहक. त्यात बातमीचा स्रोत जपणारा पत्रकारही आला.

‘कंपन्या पळाल्या.’ सर्व्हर गेले, धंदा नाही गेला. एक्स्प्रेसव्हीपीएनने जून २०२२ मध्ये इथले सर्व्हर काढले आणि सिंगापूर व ब्रिटनमधून भारतीय आयपी देणं चालू ठेवलं. तपास यंत्रणेच्या हाती काय पडलं?

‘देश सुरक्षित झाला.’ आदेश लागू असतानाच नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीचं एम्स रॅन्समवेअरने (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) आडवं झालं, कारभार कागदावर आला. सरकारने राज्यसभेत कारण सांगितलं: नेटवर्कची विभागणी, म्हणजे एका भागातला हल्ला दुसऱ्यात पसरू नये म्हणून घातलेल्या भिंती, नीट नव्हती. व्हीपीएन ग्राहकांच्या यादीने त्यात काय फरक पडला असता? उलट नाव-पत्त्यांचा पाच वर्षांचा साठा म्हणजे चोरांसाठी आयतं घबाड.

आदेशातलं सगळंच टाकाऊ नाही. सिस्टिमचे लॉग (आत काय-काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवा, हे योग्यच. लॉग नसतील तर चोर कुठून शिरला हे कळणार कसं? सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इनला कळवण्याची अट मात्र छोट्या स्टार्टअपला जाचक आहे. तिथे भोक बुजवणारा आणि फॉर्म भरणारा इंजिनिअर बहुधा एकच असतो. वैयक्तिक माहिती फुटली तर युरोपचा कायदा नियामकाला कळवायला ७२ तास देतो.

राहिलं ‘प्रामाणिक माणसाला’. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, गरज हवी आणि बंधन गरजेच्या प्रमाणात हवं. हे दाखवायचं काम सरकारचं, नागरिकाचं नाही. मग या नोंदी किती वेळा मागवल्या, किती गुन्हे उलगडले, हे माहिती अधिकारात विचारावं म्हटलं, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला त्या कायद्यातूनच सूट मिळाली. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद.