मोडलेली भाकर जोडून मिळेल

माझी चूक एवढीच, की मी भाकर मोडली.

हो, मोडली. माहेरी, आजोळी, सासरी, जिथं जिथं मी भाकर खाल्ली तिथं ती मोडूनच खाल्ली. टोपल्यातून काढली, वाफ जाऊ दिली, मधून मोडली, पुन्हा मोडून चार चतकोर केले, तूप लावलं अन् वरणाच्या वाटीशेजारी मांडली. आमच्या साडेतीन वर्षांच्या धाकट्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत ताटाकडं बघितलं आणि असा टाहो फोडला की खालच्या काकू गुडघे दुखत असताना जिना चढून वर आल्या. त्यांना वाटलं पोरगं भाजलं.

"माझी भाकर कामून मोडली? जोड!"

म्हणलं, राजा, मोडूनच खातात. "जोड!" म्हणलं, दुसरी देते, आख्खी देते. "दुसरी नको, हीच जोड!" दुसरी आख्खी समोर धरली तर ती हातानं उडवली. ती जाऊन फ्रिजखाली. फ्रिजखाली काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, मी सांगत नाही.

आता ती भाकर कशी झाली होती ते ऐका. एप्रिल महिना, गाव परभणी, वेळ दुपारी साडेबारा. सकाळची शाळा असल्यामुळं थोरली बाराला घरात, आल्या आल्या "आई भूक". बाहेर बेचाळीस. स्वयंपाकघरात किती ते मोजायचं यंत्र मी आणत नाही, मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. पंखा लावावा तर गॅस फडफडतो, बंद करावा तर माणूस फडफडतं. त्यात पीठ महिन्याभराचं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं. कडा फुटायल्या, थापता थापता हातात नकाशे तयार व्हायले. तरी उकळतं पाणी घातलं, मनगटाचा जोर लावून मळलं, काठवटीत थापली, वर पाण्याचा हात फिरवला, उलथली अन् शेकली. अन् ती फुगली. विरी गेलेल्या पिठाची भाकर टम्म फुगली, हो! मी तिथं तव्यापुढं एकटीच हसले. दिवसभरात माझं जे काही भलं झालं ते तेवढंच.

तीच मोडली.

मग मी ती चूक केली जी शिकलेली आई करते. समजावून सांगायला बसले. म्हणलं, बघ बाळा, गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो, ज्वारीत तो नसतो, म्हणून तर आई उकळतं पाणी घालते, तेव्हा कुठं पीठ एकमेकाला धरतं. एकदा भाजली की मग नाही जोडता येत. तो रडायचा थांबला. मला वाटलं, पटलं. श्वास घ्यायला थांबला होता.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "कामून रडवायलीस लेकराला? एवढं म्हणायलंय तर दे की जोडून."

जोडून! साठी ओलांडलेल्या बाईनं, जिनं आयुष्यात थापलेल्या भाकरी एकावर एक रचल्या तर घराचं छत ओलांडून जातील, तिनं हे म्हणावं. म्हणलं, आत्याबाई, तुम्हीच दाखवा जोडून. तर म्हणे, "मला काय दिसतंय का आता." अन् पदराच्या आडून बिस्किटाचा पुडा काढला. पुडा काढताना मात्र बरोबर दिसलं.

बिस्किटावर माझं वेगळं भांडण आहे, ते मी सात वर्षांपासून हरत आले आहे. पण मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. मी कधी चुकून म्हणलं की लेकरं जेवत नाहीत हो, तर लगेच बहात्तरचा दुष्काळ निघतो. "आम्ही लाल मिलो खाल्ला. अमेरिकेतून आलेली ज्वारी, जनावरंबी तोंड लावायची नाहीत. कामावर सुकडी मिळायची, तिच्यासाठी लाईन लावलीय." खरं आहे, मला मान्य आहे, ऐकताना माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. पण मग ते नातवाला सांगा की! नाही. बहात्तरचा दुष्काळ सुनेला, बिस्किट नातवाला.

एवढा गोंधळ ऐकून आमचे हे बाहेर आले. हातात मोबाईल, अंगठा चालूच. "काय झालं?" सगळं सांगितलं. यांनी चार चतकोरांकडं बघितलं, लेकराकडं बघितलं अन् माझ्याकडं बघून म्हणले, "एका भाकरीवरून एवढं? त्याला नूडल्स दे ना करून."

दे ना करून. काय शब्द आहेत बघा. 'दे' माझ्याकडं, 'करून' माझ्याकडं, यांच्याकडं फक्त 'ना'.

आता विषय निघालाच आहे तर हेही ऐका. रोज रात्री मी विचारते, उद्या काय करू? "काहीही कर." कारल्याची करू? "कारलं नको." मग वांगं? "परवाच झालं." वरणफळं? "जड होतात." शेंगोळे? "उन्हाळ्यात?" मग काय करू? "अगं म्हणलं ना, काहीही कर!" हे 'काहीही' नावाचं धान्य कुठल्या मोंढ्यात मिळतं ते कोणी मला सांगा, मी पोतं भरून आणते.

अन् थोरलीच्या शाळेचा डब्याचा तक्ता. सोमवार पोळी-भाजी, मंगळवार उसळ, बुधवार पराठा, गुरुवार इडली नाहीतर डोसा, शुक्रवारी 'मुलांच्या आवडीचे'. खाली ठळक अक्षरात: तोच पदार्थ पुन्हा पाठवू नये. अख्ख्या तक्त्यात भाकर नाही. धपाटे नाहीत. दशमी नाही. इडली-डोसा मात्र आहे, पहाटे पाचला सांबारासकट. एका शुक्रवारी मी सुशीला दिली. लेकीला आवडते म्हणून दिली. चुरमुरे भिजवून पिळून, डाळव्याचं कूट, शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, सगळं नीट. डायरीत शेरा आला, 'कृपया पौष्टिक आहार पाठवावा.' ज्या बाईंनी लिहिलं त्यांना सुशीला म्हणजे भेळ वाटली असणार. त्याच आठवड्यात वर्गात कोणाचा तरी वाढदिवस झाला, केक, वेफर्स अन् चॉकलेट वाटलं. त्याची नोंद कुठल्याच डायरीत नाही. मी तो शेरा अजून जपून ठेवलाय. कशाला ठेवलाय माहीत नाही. कधीतरी लागेल.

यांची एक चुलत बहीण आहे. तिची मुलगी सगळं खाते. सगळं म्हणजे सगळं. कारलं मागून घेते, शेपूचा देठ चावते, दोडक्याच्या शिरांची चटणी बोटानं चाटते. "आमची तर नखरेच नाही करत बाई, लहानपणापासूनच सवय लावली." लग्नात भेटली की हेच, बारशाला भेटली की हेच. गेल्या दिवाळीत ती पोरगी आमच्या घरी आली अन् चार दिवस फक्त शेव खाल्ली. मी काही बोलले नाही. नुसती शेवेची वाटी भरत राहिले. माझ्या सुखाचे दिवस असे मोजकेच आहेत.

आणि ते व्हिडिओ. पांढरा ओटा, पांढरी बाई, गाजराच्या चांदण्या, काकडीचं फुलपाखरू, अन् मुलगा गोड हसून खातोय. तिच्या ओट्यावर तेलाचा थेंब नाही, पिठाची राख नाही, कुकरच्या शिट्टीतून वरण उडून टाइल्सवर सुकलेलं नाही. तिच्या नळाला रोज पाणी येतं बहुतेक. आमच्याकडं नळ येतो त्या दिवशी गाजराची चांदणी नाही, माझीच चकली होते. टाकी, ड्रम, हंडे, वर डबा, अन् मधून कोणीतरी ओरडायलंय की माझा मोजा कुठंय.

डॉक्टर चांगले आहेत, ओरडत नाहीत. ते म्हणले, दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, एकच पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर ठेवावा लागतो, मग कुठं चव घेतात. ठेवला. शेपू पंधरा वेळा ठेवली, मोजून. सोळाव्यांदा त्यानं ताट माझ्याकडं सरकवून "आईला आवडती" असं सांगितलं. मला शेपू आवडत नाही. पण ठीक आहे, शेपू नवी. भाकरीत काय नवं आहे? याच्या अंगात रक्त कमी अन् ज्वारी जास्त असायला पाहिजे. ज्या गावात हा जन्मला तिथल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीची वाणं काढली, परभणी मोती काय, 2018 साली आलेली परभणी शक्ती काय. त्या शक्तीत तर लोह अन् जस्त जास्त आहे म्हणे. सगळ्या जगानं 2023 साल भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. अन् त्या विद्यापीठापासून दोन-तीन किलोमीटरवर आमच्या घरात लोह, जस्त, तूप सगळं जातंय कुणाच्या पोटात? माझ्या. कारण ताटात उरलेलं कोण खातं? मीच. लोकं म्हणतात, बाळंतपणानंतर वजन उतरलं नाही का गं? नाही उतरलं. दोन लेकरांची उरलेली पानं आहेत ती.

बरं, आता ते सांगते जे मी कुणाला सांगणार नव्हते.

सगळे आपापल्या खोलीत गेल्यावर मी ती भाकर जोडली.

हसू नका. काठवटीला चिकटलेलं पीठ खरवडलं, पाण्याच्या हातानं त्याची पातळ लुकटी केली. चारही चतकोर तव्यावर गोल मांडले, फटीत बोटानं लुकटी भरली, वरून उलथण्यानं दाबलं, मंद गॅस. बी.कॉम. झालेली बाई मी. बँकेच्या परीक्षेत तीन मार्कांनी राहिले. घामानं पाठ भिजलेली, श्वास रोखून भाकरीचं वेल्डिंग करायले. अन् जमलं हो! खरंच जमलं. उचलली तर एका तुकड्यात वर आली. जखम शिवल्यासारखी आडवी-उभी पांढरट रेघ दिसत होती, तिच्यावर तूप फासलं. अशी ऐटीत घेऊन गेले की जणू मीच नवं वाण काढलंय.

धाकट्याचं रडणं तोवर हुंदक्यावर आलं होतं. त्यानं भाकर दोन्ही हातांनी उचलली. उजेडाकडं धरली. एखादा सोनार जसा वळं बघतो तशी. मग रेघेवरून हळूच बोट फिरवलं.

"इथं रेघ आहे."

"असू दे की, जोडलेली आहे ना!"

"मला बिनरेघेची पाहिजे."

तिथून मी उठले. ओरडले असते, पण ओरडायला ताकद लागते अन् ताकदीसाठी जेवावं लागतं. मागे बिस्किट चहात बुडवल्याचा आवाज आला. चहा कुणी केला? विचारू नका. यांनी केला. सात महिन्यांनी गॅस पेटवला तो बिस्किटासाठी. पातेल्याचं दूध अन् साखरेचा डबा झाकायचं राहिलं, मुंग्यांची जत्रा मी संध्याकाळी उठवली.

तीन वाजता मी ओट्याशी उभ्यानं जेवले. जोडलेली भाकर, भुरका अन् गार वरण. भुरक्यात तिखट जरा जास्त पडलं होतं, त्यामुळं डोळ्यातून पाणी आलं ते त्याचंच होतं, गैरसमज नको. रेघेपाशी भाकर जरा कच्ची लागत होती, पण वाईट नव्हती.

मग आईला फोन लावला. निदान आपलं माणूस आपल्या बाजूनं बोलेल. सगळं सांगितलं, बहात्तर, नूडल्स, रेघ. आई ऐकून घेतली अन् पोट धरून हसली. "अगं तू काय कमी होतीस का? पहिलीत जाईस्तोर नुसता भाकरीचा पापुद्रा खायचीस. वरचा पापुद्रा उचलायचीस अन् खालचं सगळं ताटात तसंच. पापुद्रा फाटला की जमिनीवर गडबडा लोळायचीस. खालचं कोण खायचं मग?"

मी म्हणलं, कोण खायचं?

"मीच की. अजून उतरलं नाही ते."

माहेरची माणसंसुद्धा आजकाल विश्वासाची राहिली नाहीत. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवं पीठ दळून आणलं. भाकरी अशा सुरेख झाल्या की कड कुठं फाटली नाही, पापुद्रा कागदासारखा. मी धडा घेतलेली बाई. मोडली नाही. आख्खी, गोल, गरम भाकर ताटात ठेवली, वर तूप, हात मागं घेतले.

धाकट्यानं ती उचलली. उजेडाकडं धरली. उलटी करून बघितली.

"रेघ कुठंय?"

"नाही रे, ही आख्खी आहे. कालच्यासारखी जोडलेली नाही."

त्याचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. थोरलीनं वरणाच्या वाटीतून मान वर काढली अन् म्हणली, "आई, मला पण रेघवाली."