गळवातला पू मलमाने ‘ओढला’ जात नाही

‘गळू चिरू नका. चांदीचं मलम लावून वर हायड्रोकोलॉइडची पट्टी चिकटवा, पू ओढला जाईल. फुटलंच तर पेरॉक्साइडने धुऊन आतपर्यंत मलम भरा. अँटिबायोटिक लागत नाही.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज आता माझ्या मधुमेही मावशीच्या फोनवर पोचलाय. मांडीवर गळू आहे आणि तिला तो पटलाय. म्हणून हे लिहितोय.

पट्टी पू ओढते? हायड्रोकोलॉइड, म्हणजे स्राव शोषून जेलसारखी होणारी चिकटपट्टी, फक्त त्वचेच्या पृष्ठभागावर आलेला स्राव शोषते. गळवाचा पू शाबूत त्वचेखाली, स्वतःच्या भिंतीआड कोंडलेला असतो. तिथवर मलमही पोचत नाही. उलट पट्टीखाली लाली पसरतेय का, तेच दिसत नाही. पू साचला की चिरा देऊन निचरा, हाच उपाय.

‘आतपर्यंत मलम भरा’ हे सगळ्यात घातक. पोकळी तळातून नव्या लालसर मांसाने भरत वर यायला हवी आणि तोवर तोंड उघडं राहायला हवं. मलमाचा गोळा तेच तोंड बुजवतो, वरची कातडी जुळते आणि आत पुन्हा पू. मग दुसरा चिरा. योग्य रीत अशी: सलाइनने (०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी) पोकळी धुवायची, समुद्री शैवालापासून केलेली अल्जिनेटची दोरी किंवा गॉजची वात सैल ठेवायची, शेपूट बाहेर, वर शोषक पॅड. ठासून भरली की निचरा थांबतो, भिंतींवर दाब येतो. स्राव जास्त असेल तर रोज बदला, कमी झाला की दोन-तीन दिवसांनी. स्राव आटल्यावर अल्जिनेट चिकटतं. ओढू नका, सलाइनने भिजवून काढा. किती तुकडे आत घातले ते लिहून ठेवा, एक जरी राहिला तरी जखम वाहत राहते. लहान गळवात बहुतेकदा वातही लागत नाही.

पेरॉक्साइडचा फेस बघून जखम साफ झाली असं वाटतं. तो नव्या पेशीही मारतो, आणि बंद पोकळीत सुटलेला वायू रक्तात शिरू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

अँटिबायोटिकबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ५ सेंटीमीटरपर्यंतची गळवं असलेले ७८६ रुग्ण होते. नुसत्या निचऱ्याने सुमारे ६९ टक्के बरे झाले, सोबत क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर सुमारे ८३ टक्के. म्हणजे गोळीविनाही बरेच जण बरे होतात; पण चिरा या सगळ्यांनाच दिला होता, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये गाळलंय.

नव्या ड्रेसिंग चांगल्याच आहेत, पण निचऱ्यानंतर.

मधुमेह असेल, ताप असेल, गळू गुदद्वाराजवळ किंवा चेहऱ्यावर असेल, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. लालीच्या कडेने पेनने रेघ मारा. लाली रेघेपलीकडे गेली किंवा दिसतंय त्यापेक्षा ठणका फारच जास्त असेल, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा.