पुन्हा अडकलं!

आज सकाळी परत तेच. बाबांना लातूर बाजार समितीतला तुरीचा भाव दाखवायला बसलो, पान अर्धं उघडलं आणि नोकिया ७७०, म्हणजे इंटरनेट बघायचं हातातलं छोटं यंत्र, जाग्यावर गोठलं. बटण दाबून धरा, पहिल्यापासून सुरू करा. या आठवड्यातली ही चौथी खेप.

स्क्रीन काय देखणी आहे! ८०० बाय ४८०, तळहातावर अख्खं पान मावतं. म्हणून तर जीव जळतो. आत मेमरी फक्त ६४ एमबी. तिसरी खिडकी उघडली की संपलंच. मराठी पान लावलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. सिम बसत नाही, म्हणजे वायफाय शोधा, नाहीतर ब्लूटूथनं मोबाइल जोडा. २००६ साली लातुरात वायफाय शोधायचं कुठं?

वर कंपनीवाले सांगतात, यंत्रात नवी प्रणाली टाका. टाकली की उतरवून ठेवलेलं सगळं साफ! दोनदा केलंय मी. त्यात भारनियमन, बॅटरी भरायची कधी? पैसे मोजून घेतले ना, मग अर्धवट माल कशाला देता?

वाट बघून बाबा उठले आणि शेजारच्या काकांकडून आडत्याला फोन लावला.